तासाला बारा घागरी

हिवरवाडी, संतपूरजवळ, ता. औराद
५ डिसेंबर २०२४

आदरणीय धोंडप्पा सर,
जय भीम.

मी पंचशीला. माहेरची पंचशीला बाबूलाल. २००६ साली भालकीला दहावीत तुमच्या वर्गात होते. बाकीचे सगळे विषय सुटले, गणित राहिलं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि इकडं आले.

मार्चमध्ये मी परत परीक्षेला बसायलेय. अर्ज भरलाय. केंद्र औरादचं आहे. एका कामासाठी दहावी पास लागतं.

तुमचा पत्ता शाळेतून मिळाला. तिथले सर म्हणाले, तुम्हाला फोनवर ऐकू येत न्हाई आणि मोबाइलवरची अक्षरं दिसत न्हाईत, पण कागदावर मोठं लिहिलं तर वाचता. म्हणून मोठं लिहायलेय.

बाकीचं मी हळूहळू करते. भूमिती पाठ होते. दोन चलांतल्या समीकरणांची जोडी, त्यातली शाब्दिक उदाहरणं मात्र येत न्हाईत. नुसती समीकरणं दिली तर सोडवते. गोष्ट लिहून दिली की पुढं सरकत न्हाई. हे उदाहरण परीक्षेत येतंच असं सगळे म्हणतात.

तुम्हाला वेळ असेल तर शिकवाल का? सोबत परतीचं पाकीट, तिकीट लावून.

आपली विद्यार्थिनी,
पंचशीला

*

नौबाद, बीदर
१४ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू मला चांगली आठवतेस. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायचीस, वडील बसवर कंडक्टर होते. हुशार होतीस, पण घाई करायचीस.

वेळ भरपूर आहे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मला कुणी एकही गणित विचारलेलं नाही. परतीचं पाकीट पाठवत जाऊ नकोस, सूनबाई सुधारानी पोस्टात जाते.

आता कामाचं. शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात, कारण ती उत्तर शोधायला लागतात. उत्तर शोधायचं नाही. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं. एकाला क्ष म्हण, दुसऱ्याला य. नाव दिलं की ते माहीत असल्यासारखं त्याच्याबद्दल बोलता येतं. गोष्टीतलं एक वाक्य म्हणजे एक समीकरण. दोन वाक्यं, दोन समीकरणं. मग गोष्ट विसरायची आणि आकडे सोडवायचे.

हे करून पाठव: एका घरी कोंबड्या आणि शेळ्या मिळून बावीस जनावरं आहेत. त्यांचे पाय मोजले तर चौसष्ट भरतात. कोंबड्या किती, शेळ्या किती?

घरी सर्वांना नमस्कार. तुझे यजमान काय करतात ते लिहिलं नाहीस.

तुझा,
धोंडप्पा सर

*

हिवरवाडी
२६ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
जय भीम.

उत्तर: शेळ्या दहा, कोंबड्या बारा.

पण समीकरण मांडलेलं न्हाई. मी असं केलं. समजा सगळी जनावरं दोनच पायांची. मग बावीस दुणे चव्वेचाळीस. चौसष्टातले वीस पाय उरले. ते शेळ्यांचे, एकीचे दोन-दोन जास्तीचे. म्हणजे शेळ्या दहा.

उत्तर लगेच येतं. क्ष आणि य लिहायला बसलं की काही सुचत न्हाई.

सर, एक सांगते, राग म्हणून न्हाई. तुम्ही वर्गात असंच उदाहरण घातलं होतं, सायकली आणि रिक्षांचं. मी हात वर करून उत्तर सांगितलं. तुम्ही म्हणालात, समीकरण दाखव. मला दाखवता आलं न्हाई. तुम्ही म्हणालात, अंदाजानं आलेलं उत्तर मला नको, बस खाली. त्यानंतर मी गणिताच्या तासाला हात वर केला न्हाई. दोष तुमचा न्हाई, मला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी खिडकीजवळ न्हाई, दाराजवळ बसायचे. असू द्या.

घरी सासूबाई सरुबाई आहेत आणि मुलगी विशाखा, सातवीला आहे. सगळे ठीक.

आपली,
पंचशीला

*

नौबाद, बीदर
४ जानेवारी २०२५

चि. पंचशीला,
आशीर्वाद.

तुझी रीत अंदाजाची नाही. मी काल सकाळी ती तीनदा वाचली. तू जे केलंस तेच समीकरण आहे, फक्त तू ते बोललीस, लिहिलं नाहीस. बघ:

क्ष + य = २२. ही जनावरं.
२क्ष + ४य = ६४. हे पाय.

“सगळी दोनच पायांची समजा” असं तू म्हणालीस, म्हणजे पहिल्या समीकरणाला दोनाने गुणलंस: २क्ष + २य = ४४. “वीस पाय उरले” म्हणालीस, म्हणजे दुसऱ्यातून ते वजा केलंस: २य = २०. य म्हणजे शेळ्या, दहा. एक पायरीही वेगळी नाही. तुला हे सगळं येतं. परीक्षकाला मात्र दिसलं पाहिजे म्हणून लिहायचं. मनात बोलतेस ते कागदावर उतरव, बाकी काही नाही.

सायकल-रिक्षांच्या त्या तासाबद्दल वाचलं. त्याविषयी मी पुढे लिहीन.

सोबत पाच उदाहरणं पाठवतोय. त्यातलं तिसरं वयाचं आहे, ते जवळपास दरवर्षी विचारतात: वडिलांचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. सहा वर्षांनी दोघांच्या वयांची बेरीज चौसष्ट होईल. तर आज दोघांची वयं किती? नावेचं आणि दोन अंकी संख्येचं उदाहरण जरा अवघड आहे, पण तुला जमेल.

विमलबाई, म्हणजे माझ्या घरातून, विचारतात की कोणतं काम मिळणार आहे तुला? अंगणवाडीत का?

तुझा,
धोंडप्पा सर

*

हिवरवाडी
१५ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
जय भीम.

पाची करून पाठवलेत, समीकरणं लिहून. नावेच्या उदाहरणात प्रवाहाचा वेग वजा करायचा का मिळवायचा ते दोनदा चुकलं, मग जमलं.

तिसऱ्याचं उत्तर: मुलगी साडेचौदा वर्षांची, वडील साडेत्रेचाळीस.

काम अंगणवाडीतलं न्हाई, पंचायतीतलं आहे.

आपली,
पंचशीला

*

नौबाद, बीदर
२२ जानेवारी २०२५

चि. पंचशीला,

चार उदाहरणं अचूक. नावेचं तर फारच नेटकं मांडलंस.

तिसरं चुकलं, आणि ते चुकायला नको होतं. पहिलं समीकरण बरोबर आहे. दुसऱ्यात तू मुलीच्या वयात सहा मिळवलेस, वडिलांच्या वयात मिळवले नाहीस. सहा वर्षं गेली म्हणजे दोघांचीही गेली. मुलगी वाढली आणि बाप तिथेच राहिला, असं कसं होईल? उत्तरात साडेचौदा आलं तेव्हाच शंका यायला हवी होती. हा हलगर्जीपणा आहे. तुझ्यासारख्या मुलीनं असे तीन गुण घालवू नयेत.

बरोबर मांडणी: (वडील + ६) + (मुलगी + ६) = ६४. मुलगी तेरा, वडील एकोणचाळीस. वहीत पाचदा लिहून काढ म्हणजे पुन्हा विसरणार नाहीस.

वयाची आणखी चार उदाहरणं जोडली आहेत.

तुझा,
धोंडप्पा सर

*

हिवरवाडी
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
जय भीम.

वडिलांच्या वयात सहा मिळवायचे राहून गेले न्हाईत. मी मिळवले न्हाईत.

माझे मिस्टर रत्नपाल सप्टेंबरमध्ये वारले. तुम्ही पहिल्याच पत्रात त्यांचं विचारलंत, मी लिहिलं न्हाई. न लिहिता चालत असेल तर बरं, असं वाटलं.

ते पंचायतीचे वॉटरमन होते. गावची टाकी भरायची आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं हे त्यांचं काम. दोन बोर आहेत. एक टाकीजवळ, एक गावाबाहेर शेताच्या कडेला. दुसऱ्या बोरचा स्टार्टर खांबावर पेटीत होता. आदल्या दिवशी पाऊस झालेला, पेटीत पाणी उतरलेलं. अर्थिंगची तार तुटली होती. त्यांनी ते पंचायतीत दोनदा लिहून दिलं होतं. सकाळी साडेसहाला त्यांनी मोटार लावायला हात घातला.

मी भाकरी टाकायले होते. कुणीतरी पळत आलं आणि सांगितलं. मी तव्यावरची भाकरी उतरवली, चूल विझवली, पीठ झाकलं, मग गेले. भाकरी कामून उतरवली ते मला अजून कळत न्हाई.

चौथ्या दिवशी लोक दारात आले. पाणी न्हाई, बाई, काय करायचं? व्हॉल्वची चावी आमच्या घरातच होती. मी उठले आणि पाणी सोडून आले. तेव्हापासून मीच सोडायलेय. पंचायतीचे साहेब म्हणतात, नवऱ्याच्या जागी तुम्हाला कायम करता येईल, पण दहावी पास लागते, आणि वर्षाच्या आत. म्हणून परीक्षा.

लोक विचारतात, कसं चाललंय? मी म्हणते, ठीक. खरंच ठीक आहे, सर. उठते, पाणी सोडते, सैंपाक करते, गणितं करते. कशाचं बरं वाटत न्हाई आणि वाईटही वाटत न्हाई. हात कापला तर रक्त दिसतं, मग कळतं कापला ते.

ते एकोणचाळीस वर्षांचे होते. तुमचं उदाहरण सोडवताना वडील एकोणचाळीस आले. मी ते बघितलं. मग दुसरं समीकरण खोडून परत लिहिलं. सहा वर्षांनी विशाखा अठरा वर्षांची होईल आणि ते एकोणचाळीसचेच असतील. मला दुसरं काही लिहिता आलं न्हाई. बरोबर रीत मला येते.

जोडलेली चार उदाहरणं केलीत. तपासावीत.

आपली,
पंचशीला

*

नौबाद, बीदर
१७ फेब्रुवारी २०२५

पंचशीला,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. मी रोज लिहायला बसलो आणि उठलो. सांत्वनाचं पत्र मला लिहिता येत नाही, आजवर ते विमलबाईच लिहीत आल्या. या वेळी त्या म्हणाल्या, “मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा.” कानाशी येऊन म्हणाल्या, म्हणजे मला नीट ऐकू जावं म्हणून. मग विचारलं, “त्या पोरीला तुम्ही हलगर्जी म्हणालात?” मी म्हणालो, हो.

चुकलो. तुझी क्षमा मागतो.

दुसरी गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू मला चांगली आठवतेस. ते खोटं होतं. छत्तीस वर्षं शिकवलं, दरवर्षी शंभर-सव्वाशे मुलं. मला तू आठवत नाहीस. खिडकीजवळची, कंडक्टरची मुलगी, ती दुसरी कुणीतरी असावी. तू “दाराजवळ” असं लिहिलंस तेव्हाच मला कळलं, पण मी तसाच पुढे गेलो. तो सायकल-रिक्षांचा तासही मला आठवत नाही. तू तो एकोणीस वर्षं लक्षात ठेवलास आणि मी संध्याकाळी घरी येऊन जेवलो असेन. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण न लिहिणं जास्त वाईट.

चारही उदाहरणं बरोबर आहेत. वयाची उदाहरणं यापुढे मी पाठवणार नाही. परीक्षेत आलं तर सोडवायचं की पर्यायातला दुसरा प्रश्न घ्यायचा, ते तू ठरव.

आता पुस्तकही बाजूला ठेव. तुझ्या हातात रोजचं खरं उदाहरण आहे. दोन मोटारी एकच टाकी भरतात. तासाला कुठली मोटार किती पाणी देते ते तुला माहीत आहे का? नसेल तर एकीला क्ष म्हण, दुसरीला य. दोन दिवस नोंद ठेव, कोण किती तास चालली आणि टाकीत किती पाणी आलं याची. दोन्ही दिवसांचे तास वेगळे असले पाहिजेत. मांडून पाठव. मला ते उत्तर माहीत नाही, त्यामुळे या वेळी तू मला शिकवशील.

स्टार्टरला हात लावू नकोस.

धोंडप्पा

*

हिवरवाडी
३ मार्च २०२५

आदरणीय सर,
जय भीम.

दुसऱ्या मोटारीला मी हात लावत न्हाईच. ती शिवशंकर अण्णा लावतात, पंचायतीचे सदस्य. बोर त्यांच्या शेताच्या कडेला आहे. नवीन पेटी बसवलीय, सिमेंटचा कट्टा केलाय. तरी मी त्या वाटेनं जात न्हाई.

दोन्ही बोरचं पाणी एकाच पाइपातून टाकीत पडतं, त्यामुळं वरून बघून कोणाचं किती ते कळत न्हाई. टाकीत आतल्या भिंतीवर हजार-हजार लिटरच्या रेघा आहेत. शिडीनं चढून बघितलं. दोन्ही दिवशी टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर मोटारी लावल्या आणि त्या बंद होईपर्यंत पाणी सोडलं न्हाई.

सोमवारी दोन्ही मोटारी चार-चार तास चालल्या. पाणी एकोणीस हजार लिटर.
बुधवारी पहिलीचा फ्यूज गेला, ती दोनच तास चालली. दुसरी सहा तास. पाणी साडेदहा हजार.

पहिली मोटार तासाला क्ष हजार लिटर, दुसरी य हजार.

४क्ष + ४य = १९
२क्ष + ६य = १०.५

दुसऱ्याला दोनाने गुणलं: ४क्ष + १२य = २१.
त्यातून पहिलं वजा केलं: ८य = २.
य = पाव. क्ष = साडेचार.

म्हणजे पहिली मोटार तासाला साडेचार हजार लिटर देते. दुसरी अडीचशे.

वीस लिटरची घागर धरली तर तासाला बारा घागरी. तेरावी अर्धी.

सर, गावात सगळे समजतात की आमच्या गल्लीचं पाणी दुसऱ्या बोरचं. गल्लीत पाणी कमी आलं की आमचेच लोक मिस्टरांना म्हणायचे, दुसरी मोटार लावत न्हाईस म्हणून येईना. म्हणून ते रोज सगळ्यांत आधी तीच लावायला जायचे. त्या दिवशीही.

माझं काही चुकलंय का तपासा. गुणाकारात किंवा चिन्हात चूक असेल. लवकर कळवा.

पंचशीला

*

नौबाद, बीदर
९ मार्च २०२५

चि. पंचशीला,

तुझं गणित मी चार वेळा केलं. दोनदा तुझ्या रीतीनं, एकदा क्षची किंमत भरून, एकदा उलट बाजूनं. चूक सापडावी म्हणूनच करत होतो.

चूक नाही.

नोंद चुकली असू शकते. तास ऐकीव असतील, रेघ वाचताना डोळा चुकला असेल. म्हणून उत्तर ताडून पाहायचं. तिसऱ्या दिवसाचे तास घे, तुझ्या क्ष आणि यवरून टाकीत किती पाणी येईल ते आधी लिहून ठेव, मग चढून बघ. जुळलं तर ते उत्तर पक्कं. पण हे परीक्षेनंतर कर. दोन आठवडे राहिलेत.

विमलबाईंना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “हे त्या पोरीच्या सासूला माहीत आहे का?” मला माहीत नाही असं सांगितलं.

पेपराला जाताना दोन पेन घेऊन जा. शाब्दिक उदाहरण शेवटी ठेवू नकोस, सुरुवातीलाच सोडव. “समजा” या शब्दानं सुरुवात कर. उत्तराखाली एकक लिही.

तुझा,
धोंडप्पा सर

*

हिवरवाडी
१४ मे २०२५

आदरणीय सर,
जय भीम.

निकाल लागला. गणितात ऐंशीपैकी एकावन्न. पास.

तुम्ही पेपराच्या दिवशी औरादला याल असं वाटलं न्हवतं. गेटवर तुम्ही काठी टेकून उभे होतात, मी लांबूनच ओळखलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि शेजारच्या बाईला विचारलंत, “पंचशीला आलीय का?” ती म्हणाली, मला काय माहीत. मी जवळ येऊन “मीच” म्हणाले ते तुम्हाला ऐकू गेलं न्हाई. मग पुठ्ठ्यावर मोठं लिहून दाखवलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं नीट बघितलंत आणि म्हणालात, “आता आठवशील.” तेवढ्यात घंटा झाली, मी आत गेले.

परीक्षेनंतर तुम्ही सांगितलं तसं ताडून बघितलं. दोन दिवस, दोन्ही वेळा जुळलं. मग पंचायतीच्या बैठकीत गेले. अध्यक्षा अंबिकाबाई म्हणाल्या, “थोडक्यात सांगा, बाई.” मी म्हणाले, दुसऱ्या बोरला पाणी न्हाई, ती मोटार बंद करा.

शिवशंकर अण्णा म्हणाले, “दोन मोटारी असताना पाणी पुरेना. एक काढली तर कसं पुरंल?”

मी फळ्यावर दोन्ही समीकरणं लिहिली. कुणीतरी मागून म्हणालं, हे शाळेतलं गणित इथं कामून? मी म्हणाले, “अण्णा, उद्या दोन्ही मोटारी किती तास चालवायच्या ते तुम्ही सांगा. टाकीत किती येईल ते मी आत्ताच लिहून देते.”

ते म्हणाले, “पहिली तीन तास, दुसरी दोन.”

मी चौदा हजार लिहिलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई व्यंकट वर चढला. खाली अण्णा, अंबिकाबाई आणि दहा-बारा लोक. व्यंकट वरून म्हणाला, “चौदाच्या रेघेला एक बोट कमी.” अण्णांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, “तेव्हापासून मी रोज सहा वाजता उगाच जायलोय म्हणा की.” ते सप्टेंबरनंतरच्या दिवसांबद्दल बोलत होते. माझ्याकडं बघितलं, तेव्हा त्यांना कळलं आपण काय बोललो ते. ते तसेच शेताकडं निघून गेले.

आठ दिवसांनी मोटार काढली. पाइप एकेक करून वर आले, सगळ्यांत खालचा एक सोडला तर सगळे कोरडे होते. आता पहिली मोटार एक तास जास्त चालते आणि चारही गल्ल्यांना सारखा वेळ पाणी सुटतं. आमच्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत येतं. नेमणुकीचं पत्र पुढच्या आठवड्यात देतो म्हणालेत. निकालाची प्रत दिलीय.

मोटार काढली त्या दिवशी दुपारी सासूबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “पंचे, ती मोटार कामून काढली गं?”

मी म्हणाले, “तिला पाणी न्हाई.”

“न्हाई म्हंजे? कधीपासून न्हाई?”

मी तिथंच उभी होते. हातात व्हॉल्वची चावी होती. त्यांनी सुपातून हात काढला न्हाई, वर बघितलं न्हाई, नुसत्या थांबल्या.

मी म्हणाले, “औंदा आटलं, आत्या. उन्हाळ्यात. त्याआधी होतं.”

“त्यो होता तवा होतं?”

“व्हय. लई पाणी होतं तवा. अर्ध्या गावाला पुरायचं.”

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, “मग बरं,” आणि परत तूर निवडायला लागल्या.

मिस्टरांच्या वेळच्या तासांची आणि पाण्याची नोंद कुणी ठेवलेली न्हाई. मी घरभर शोधली. त्यामुळं मी आत्यांना सांगितलं ते खोटं आहे का खरं, हे मलाही माहीत न्हाई.

सर, आजवर प्रत्येक उत्तर मी तुमच्याकडं तपासायला पाठवलं. एवढं एक तपासू नका.

आपली विद्यार्थिनी,
पंचशीला रत्नपाल